खिडकीत कोण बसलंय?

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर एक संदेश येतो. तो मीच लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, पाठवते. चारच ओळी असतात. तीन सर्व्हर, त्यांच्यावर चालणारी आभासी मशिनं (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) आणि रात्रीचा बॅकअप झाला की नाही. चहाचं आधण ठेवायचं आणि उकळी फुटेपर्यंत त्या ओळी वाचायच्या, ही २०१८ पासूनची सवय. घरात तेव्हा दुसरं कोणी जागं नसतं. रात्रभर जागून कुणीतरी आपलं काम करून ठेवलंय, असं त्या ओळी बघून वाटतं. गेल्या जूनमधल्या एका मंगळवारी संदेश आला नाही. चहा उतू गेला, फोन दोनदा बंद करून चालू केला, तरी नाही. ऑफिसला पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. कारण निघालं ते अगदी किरकोळ. सोमवारी संध्याकाळी आवारात बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं नवं मशीन बसवलं होतं आणि बसवणाऱ्याने त्याला दिलेला आयपी पत्ता नेमका आमच्या दुसऱ्या सर्व्हरचा होता. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलाने एकेक केबल काढत अर्ध्या तासात ते शोधलं, पत्ता बदलला, आणि मी हुश्श करून खुर्चीत टेकले.

तो मात्र माझ्या स्क्रीनकडेच बघत उभा होता. म्हणाला, "मॅडम, म्हणजे पहाटे आपली स्क्रिप्ट त्या हजेरीच्या मशीनकडे गेली होती. रूटचा पासवर्ड घेऊन."

"गेली, पण त्याने दार कुठे उघडलं? लॉग बघ की. कनेक्शन रिफ्यूज्ड."

"आणि उघडलं असतं तर?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तोंडातून निघेना. दार उघडलं असतं तर स्क्रिप्टने रूटचा, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या मालक-खात्याचा, पासवर्ड देऊन टाकला असता. तू कोण, असं विचारलंसुद्धा नसतं. कारण तिला विचारायला मीच मनाई केली होती. सर्व्हरशी बोलणाऱ्या कर्ल या प्रोग्रॅमच्या त्या ओळीत 'मायनस के' लिहिलेलं होतं, माझ्याच हाताने. ज्यांना या कामाची सवय आहे त्यांना हे अक्षर नव्याने सांगायला नको. आमच्या सर्व्हरांवर प्रॉक्समॉक्स चालतं, एका यंत्रावर अनेक आभासी मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर. बसवताना प्रॉक्समॉक्स स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, स्वतःच तयार करतं, त्याची ग्वाही द्यायला बाहेरचं कुणी नसतं. त्यामुळे ब्राउझर लाल पान दाखवतो आणि कर्ल अडून बसतं. ते 'मायनस के' लिहिलं की मुकाट पुढे जातं. कर्लने समोरच्याचं सर्टिफिकेट आपणहून तपासायला २००२ साली सुरुवात केली. तेव्हापासून ती तपासणी बंद करायची असेल तर माणसाला तसं लिहून द्यावं लागतं. त्या एका अक्षराचं पूर्ण नाव आहे 'इनसिक्युअर'. नाव ठेवणाऱ्याने काहीही लपवलेलं नाही. आपण आखूड नाव लिहितो म्हणून ते डोळ्यांना टोचत नाही, एवढंच.

ती स्क्रिप्ट लिहिली ती रात्र मला अजून आठवते. सलग तीन रात्री बॅकअप झाला नव्हता आणि कुणाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी एक फाइल लागली तेव्हा ते उघडकीला आलं. मी ऑफिसातच थांबले. दोन वाजले असतील, सर्व्हर खोलीतल्या एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं, आणि मला एवढंच हवं होतं की उद्यापासून सकाळी कुणीतरी मला सांगावं, झालं की नाही झालं. हातात रूटचा पासवर्ड होता, तोच लिहिला. सर्टिफिकेटवर अडलं, 'मायनस के' लिहिलं. चाललं. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिला संदेश आला तेव्हा मी घरी जाऊन नुकती आडवी झाले होते, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या रात्रीच्या मला मी आज दोष देऊ शकत नाही. पण त्यानंतरच्या सात वर्षांत दोन हजारांवर सकाळी तो संदेश वाचूनही ती ओळ पुन्हा एकदा उघडून बघितली नाही, त्याचं काय?

मुलाचा प्रश्न घेऊन घरी आले. तो जात नव्हता.

आतल्याआत कोण येणार मधे, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. आपलंच नेटवर्क, आपलीच माणसं. पण नेटवर्कमध्ये पत्ता शोधतात तरी कसा? एक मशीन भर चौकात उभं राहून ओरडतं, अमुक पत्ता कुणाचा? आणि जो 'माझा' म्हणेल त्याचं खरं धरतं. ही पद्धत १९८२ सालची आहे आणि ती आजही अशीच चालते. 'माझा' म्हणणाऱ्याकडे कुणी सात-बारा मागत नाही. हजेरीचं मशीन अजाणता 'माझा' म्हणालं. उद्या कुणी जाणूनबुजून म्हणेल, सर्व्हरच्याच दारावर, म्हणजे त्या पोर्टवर, कान लावून बसेल, मिनिटाभरात बनवलेलं खोटं सर्टिफिकेट पुढे करेल, आणि माझी स्क्रिप्ट साऱ्या सर्व्हरांच्या मालकाचा पासवर्ड त्याच्या ओंजळीत ठेवून माघारी येईल. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड गोळा केले, तेव्हा तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणारं सॉफ्टवेअर. नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडताना ते थांबून विचारतं, याला ओळखता का, पुढे जाऊ का? आम्ही सगळे न वाचता 'येस' टाइप करतो. मीही करते. निदान तिथे प्रश्न तरी विचारला जातो. स्क्रिप्टच्या बाबतीत मी तो प्रश्नच उपटून टाकला होता.

माझे बाबा पाटणला एका बँकेत कॅशियर होते. शाळा सुटली की मी बँकेत जाऊन त्यांच्या मागच्या बाकावर बसायची. लोखंडी जाळीची खिडकी, तिच्या खाली अर्धगोल फट. नोटा मोजायला ओला स्पंज एका वाटीत, पावसाळ्यात त्याला कुबट वास यायचा. आणि पितळी टोकनं. गोल, जड, मधोमध आकडा कोरलेला, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेल्या. चेक किंवा स्लिप एका टेबलावर दिली की माणसाला टोकन मिळायचं. कागद आतून वहीत चढून, सही पडताळून बाबांकडे यायचा आणि मग बाबा आकडा पुकारायचे. माणूस खिडकीतून टोकन आत सरकवायचा. बाबा ते घेऊन लगेच पैसे द्यायचे नाहीत. आधी वर बघून विचारायचे, "किती?" टोकन रस्त्यात सापडलेल्याला रक्कम ठाऊक नसणार. एवढंसं पितळ, पण ते एकाच कामाचं होतं. त्याने त्या दिवशी, त्या खिडकीवर, तेवढेच पैसे मिळायचे. हरवलं तर बँक ते एक टोकन बाद करायची. तिजोरीचं कुलूप त्यासाठी बदलावं लागत नसे.

त्याच खिडकीवर हेळवाककडून एसटीने एक म्हातारी यायची. मुलगा मुंबईला, तो पैसे पाठवायचा. तिला लिहिता येत नव्हतं, अंगठा द्यायची. अंगठा देणाऱ्याचं सगळं समोरच्याच्या हातात असतं. कागदावर शंभर लिहिलेत की पाचशे, तिला काय कळणार? म्हणून ती टोकन घेऊन आधी खिडकीपाशी यायची, जाळीला कपाळ टेकवून आत बघायची आणि बाबा दिसले की मग बाकावर टेकायची. एकदा बाबा तापाने आजारी होते. श्रावणातले दिवस, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांना माहीत आहे. ती भिजत आली, आत बघितलं, दुसरे कॅशियर बसलेले. "ते न्हाईत? मग म्होरल्या बाजारी येते." आणि पैसे न काढता परत गेली. मी तिथे नव्हते, शिपाईकाकांनी घरी येऊन सांगितलं. ते हसत सांगत होते. आईही हसली, केवढा तो भोळेपणा म्हणून. बाबा अंगावर घोंगडी घेऊन बसले होते, ते हसले नाहीत. आठवडाभर तिच्या घरात पैसे नसणार याचं त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसतच होतं. खिडकीत बसलेले गृहस्थ चांगले होते, पैला पै देणारे होते, म्हणजे तिची खेप फुकटच गेली. तरी बाबा एवढंच म्हणाले, "तिचं बरोबर आहे. अंगठा कुणापुढे द्यायचा ते तिने बघायलाच पाहिजे."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. कोणाची बाजू घ्यावी ते मला कळलं नव्हतं.

बुधवारी मी आणि तो मुलगा स्क्रिप्ट नव्याने लिहायला बसलो. २०१८ मध्ये प्रॉक्समॉक्सला एपीआय टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी प्रोग्रॅमला देता येणारी वेगळी किल्ली, नव्हतंच. नाव आणि पासवर्ड द्यायचा, दोन तास चालणारं तिकीट घ्यायचं आणि त्यावर पुढचं काम. टोकन आलं २०२० साली, ६.२ आवृत्तीत. पहिल्यांदा आम्ही स्क्रिप्टसाठी वेगळा वापरकर्ता केला, रूटपासून पूर्ण तोडलेला. त्याच्या नावाने एक टोकन काढलं. छत्तीस अक्षरांचं गुपित स्क्रीनवर एकदाच दिसतं, चौकट बंद केली की पुन्हा कुणालाच दिसत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. टोकनला मुदतही घालता येते, आम्ही वर्षाची घातली. मुलाने ते वापरून मशिनांची यादी मागितली आणि उत्तर आलं नुसता रिकामा कंस. तो गडबडला, "चुकलं काहीतरी." मला मात्र ते रिकामं उत्तर बघून फार बरं वाटलं. सर्व्हरने टोकन ओळखलं होतं, आत घेतलं होतं, आणि तरी काही दाखवलं नव्हतं. कारण नव्या टोकनला मालकाचे अधिकार आपोआप मिळत नाहीत, ते वेगळे द्यावे लागतात. आम्ही फक्त बघण्याचा अधिकार दिला, ऑडिटरचा. यादी आली. मग मुद्दाम एक चाचणीचं मशीन बंद करण्याचा हुकूम पाठवला. नाकारला. मुलगा मोठ्याने "वा!" म्हणाला. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर राजमुद्रा असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मजकूर संपतो तिथे एक छोटा शिक्का असतो, 'मर्यादेयं विराजते'. त्याच्या खाली कुणी एक शब्द वाढवला तरी तो महाराजांचा नाही. लहानपणापासून मला वरच्या मुद्रेपेक्षा त्या खालच्या शिक्क्याचं अप्रूप जास्त. सात वर्षं माझ्या स्क्रिप्टला वरची मुद्रा होती. एक यादी वाचायला ती सगळं पुसून टाकण्याचा अधिकार घेऊन जात होती.

मग रूटचा पासवर्ड बदलायचा होता, आणि त्याआधी तो कुठे कुठे राहतोय ते शोधायचं होतं. तो पाच ठिकाणी सापडला. स्क्रिप्टच्या तीन प्रतींत, एका जुन्या लॅपटॉपवर आणि गिटच्या, म्हणजे प्रोग्रॅममधले जुने बदल जपून ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात. गिटमधून ओळ खोडली तरी जुन्या नोंदीत ती तशीच असते. एक गोष्ट तर मला त्या दिवशीच उमजली. दोन वर्षांपूर्वी रूटला दुसरी खूण लावायचं ठरलं होतं, फोनवरचा सहा आकडी कोड. ते राहून गेलं, कारण पहाटे स्क्रिप्टसाठी सहा आकडे टाकणार कोण? एका यादीपायी अख्ख्या वाड्याला एकच कडी राहिली होती. त्या संध्याकाळी रूटला दुसरी खूण लागली.

टोकन ठेवायचं कुठे, यावर आमचा बराच वेळ गेला. आधी त्याने ते कर्लच्या ओळीतच लिहिलं. मी त्याला दुसऱ्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने आत जायला लावलं आणि म्हटलं, पीएस चालव. पीएस ही आज्ञा चालू कामांची यादी दाखवते, आणि लिनक्सवर चालू असलेल्या प्रत्येक कामाची पूर्ण ओळ एरवी सगळ्यांना वाचता येते. छत्तीसच्या छत्तीस अक्षरं तिथे उघडी पडली होती. तो बघतच राहिला. इथे मला कर्लची एक गोष्ट त्याला दाखवता आली. धाकटा 'के' समोरच्याला न तपासता जाऊ देतो. थोरला 'के', म्हणजे कॅपिटल, वेगळंच काम करतो, काय करायचं ते फाइलमधून वाचून घेतो. टोकनचा हेडर, म्हणजे टोकन असलेली ओळ, त्या फाइलीत गेला, फाइलवर सहाशेची परवानगी, म्हणजे धन्याशिवाय कुणी वाचायची नाही, आणि तिचा धनी फक्त स्क्रिप्टचा वापरकर्ता. शिफ्टची कळ दाबलेली आहे की नाही, एवढाच दोन अक्षरांतला फरक. आम्ही धाकटा काढला, थोरला घातला. आणि तिन्ही सर्व्हरांची मूळ सर्टिफिकेटं हाताने आणून स्क्रिप्टशेजारी ठेवली. यांनी ज्याची ग्वाही दिली असेल त्याच्याशीच बोल, नाहीतर परत ये.

"पण मॅडम, फाइल तर साधीच आहे. ज्याला ते मशीन मिळालं त्याला टोकन मिळालं." खरं होतं. आपण किल्ली पेटीत ठेवतो, पेटीची किल्ली डब्यात, पण पहाटे माणूस जागा नसताना जे काम व्हायचं त्याची शेवटची किल्ली कुठेतरी उघडी असावीच लागते. बाबांकडे तिजोरीची एक किल्ली असायची, दुसरी मॅनेजरांकडे. दोघं आल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. बाबांची किल्ली बंडीच्या आतल्या खिशात असायची. रात्री झोपतानाही. कूस बदलली की ती पलंगाच्या दांडीला लागून किण् वाजायची, ते मला अंधारात ऐकू यायचं. स्क्रिप्टला अंग नाही. तिला किल्ली अंगावर बाळगता येत नाही, कुणी हात घातला तर जाग येत नाही, "किती?" असं उलट विचारताही येत नाही. म्हणून तर किल्ली हरवली तरी घर उघडणार नाही एवढीच ती तिच्याकडे द्यायची. हे त्या मुलाला सांगताना माझा आवाज जरा जड झाला. बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

डिसेंबरमध्ये तिसऱ्या सर्व्हरच्या डिस्क गेल्या. दोन दिवस खपून मुलाने तो पुन्हा उभा केला, बॅकअपवरून सगळी मशिनं परत आणली, नवं टोकन काढून स्क्रिप्टच्या फाइलीतही टाकलं. रात्री साडेअकराला तो घरी गेला तेव्हा सगळं चालू होतं. सकाळी सहा दहाला संदेश आला, पण दोनच सर्व्हरांचा. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, त्रुटी ६०. कर्लच्या भाषेत, समोरच्याची ओळख पटत नाही. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला, मग ध्यानात आलं. सर्व्हर नवा उभा केला तेव्हा त्याने स्वतःचं नवं सर्टिफिकेट बनवलं. पत्ता तोच, नाव तेच, यंत्र तेच, माणसंही आपलीच. पण स्क्रिप्टने जाळीला कपाळ लावून आत बघितलं होतं, आणि ओळखीचा चेहरा दिसला नव्हता. टोकन हातात धरूनच ती माघारी आली होती.

साडेसहाला मुलाचा फोन. तो पहाटेच ऑफिसला पोचला होता. "मॅडम, मुख्य साहेबांना आठ वाजता तिन्हींची स्थिती हवी आहे. तेवढ्यापुरतं मायनस के टाकू? आल्यावर काढतो." मला त्याची दया आली. दोन रात्री तो झोपला नव्हता आणि तसं केलं असतं तरी त्या दिवशी काहीही झालं नसतं, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. म्हातारीचीही ती खेप वायाच गेली होती. मी गॅस बंद केला आणि त्याला म्हटलं, सर्व्हर खोलीत जा, तिसऱ्याच्या स्क्रीनपुढे उभा राहा, आणि त्याच्या मूळ सर्टिफिकेटचा ठसा मला वाचून दाखव. नेटवर्कवरून आलेलं नवं सर्टिफिकेट माझ्या लॅपटॉपवर उघडं होतं, त्याचाही ठसा मी काढला. ठसा म्हणजे सर्टिफिकेटवरून काढलेली अक्षर-आकड्यांची खूण, तिच्यात बत्तीस जोड्या असतात. पलीकडून पंख्यांची घरघर ऐकू येत होती, तिच्यावरून तो ओरडून वाचत होता. "तीन एफ." आहे. "ए एक." आहे. "शून्य सात." मी पेन्सिलीने प्रत्येक जोडीखाली टिंब देत होते. अठराव्या जोडीला तो अडखळला, बी की आठ ते त्याला दिसेना. "पुसून बघ स्क्रीन," मी म्हटलं. "बी आहे, मॅडम." माझ्याकडेही बी होता. चहा गार झाला होता, खिडकीबाहेर उजाडायला लागलं होतं, आणि आम्ही पुढच्या जोडीकडे गेलो.